बिनदाताचा पाहुणा

टोनीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीशी भांडत होतो. अमेरिकेहून फोन म्हणजे एक तर कोणाचं लग्न, नाही तर कोणाचं मरण. आमच्या वयात लग्नं संपलेली असतात. "मिलोश गेला," तो म्हणाला आणि रडायला लागला. टोनीचे उच्चार गेली चाळीस वर्षं थोडे फुसके येतात. त्याचा जबडा डावीकडे वाकडा जुळलाय, आणि तो जबडा मिलोशनेच मोडला होता. ज्याचा मोडला त्यानेच मोडणाऱ्याच्या मरणाची बातमी द्यावी, आणि देताना रडावं... मी नाशिकच्या माझ्या तिसऱ्या मजल्यावर हातात झारी घेऊन उभा राहिलो. मलाही रडू आलं. का येऊ नये? इतका तापट, इतका आडदांड आणि इतका सच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सौदीतल्या यान्बूला मी गेलो ते तेलाच्या भरभराटीच्या ऐन वर्षांत. किनाऱ्यावर रिफायनरी उभी राहत होती आणि जगातला जो म्हणून हात रिकामा होता तो तिथे आला होता. मी प्लॅनिंग इंजिनिअर होतो. म्हणजे कोणतं काम कधी व्हायला हवं हे भिंतीवर रंगवायचं, आणि ते तसं झालं नाही की साहेबांच्या शिव्या खायच्या. मिलोश रिगिंगचा फोरमन होता. क्रेनने उचलायच्या अवजड वस्तूंना साखळ्या-दोर बांधायचे आणि क्रेनवाल्याला हाताच्या इशाऱ्याने वर, खाली, थांब सांगायचं, याला रिगिंग म्हणतात. क्रेनवाल्याला वरून काही दिसत नाही. तो फक्त त्या हाताकडे बघतो. मिलोशला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका सुपरवायझरला कॉलर धरून पाण्याच्या टाकीत बुचकळत होता. त्या सुपरवायझरने झिजलेला दोर चालवून घ्या म्हटलं होतं. "हा बुडेल," मी ओरडलो. "दोर तुटला असता तर खालचा माणूस पोहला असता का?" मिलोशने विचारलं आणि त्याला पुन्हा आत दाबलं. मी मध्ये पडलो, तर माझा चष्मा गेला. संध्याकाळी तो स्वतः जाऊन नवी फ्रेम घेऊन आला. बायकांची होती, पण घेऊन आला.

त्याच्या हाताखालची सगळी माणसं आपल्या कोकणातली. दाभोळच्या खाडीकाठची, गुहागर-दापोलीकडची, बहुतेक मुसलमान, गोदीत आणि जहाजांवर घडलेली. त्यांच्या संगतीत राहून मिलोश शिव्या कोकणीतून, हुकूम हिंदीतून आणि हिशेब अरबीतून करायला शिकला होता. माणसं त्याला मिलूशेठ म्हणायची. तो त्यांना बदडायचा, हे मी लपवणार नाही. हेल्मेट नसलं की थोबाडीत. पण त्यांच्या इकाम्यासाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांना आणलं त्या सौदी मालकाच्या, ऑफिसात जाऊन त्याने एकदा टेबल उलटं केलं होतं, हेही खरं. मी त्याला तोंडावर गुंड म्हणायचो. तो मला 'भिंत रंगवणारा' म्हणायचा. आमचं चांगलं जमलं.

टोनी आणि मिलोश दोघेही अमेरिकन पासपोर्टवाले, दोघेही एकाच पोलादी गावात जन्मलेले. टोनीचे आजोबा स्लोव्हेनियातून आलेले, मिलोशचे सर्बियन मुलखातून. कॅम्पातले बाकीचे दोघांनाही 'युगोस्लाव' म्हणून मोकळे व्हायचे. तसं म्हटलं की दोघेही खवळायचे, आणि दोघांचं एकमत होण्याचा तेवढाच एक विषय होता. टोनी लिफ्टिंगचा इंजिनिअर, मिलोशचा वरचा साहेब. मेसमध्ये समोरासमोर बसले की पोळीचा तुकडा मोडण्याआधी यांचे आजोबा टेबलावर यायचे.

मी ते भांडण इतक्यांदा ऐकलंय की ते गाव मला सिन्नरइतकं ओळखीचं वाटतं. नदीकाठी कारखाना, त्याला लागून खालची वस्ती, वर टेकडी. स्लोव्हेन आधी आले. खाणीत खोकून खोकून मेले, पण मरता मरता त्यांनी एकमेकांसाठी मंडळं उभी केली. कोणी गेला तर त्याच्या बायकोला आधार देणारी, कोणाला घर बांधायचं तर हात देणारी. मग विटांची घरं झाली, मागे भाजीचे वाफे झाले, गाण्याबजावण्याचा हॉल झाला, आणि नातवंडं कॉलेजात गेली. सर्बियन मागून आले. तोवर सावलीतली कामं संपली होती, भट्टीपुढची राहिली होती. मिलोशची आजी खानावळ चालवायची. पाळी संपवून एक जण आला की दुसरा उठून जायचा, खाट कधी थंड पडायची नाही. स्वतःच्या घराला धड छप्पर नसताना त्यांनी आधी चर्चचा घुमट बांधला. "म्हणूनच तुम्ही खाली राहिलात," टोनी म्हणायचा, "देवाला घर दिलंत आणि पोरांना नाही." "आणि कारखान्याच्या फाटकावर कोण उभा असायचा रे?" मिलोश विचारायचा. "तुझा आजोबा! आपल्यातल्यांना सावलीत पाठवायचा, आमच्यातल्यांना भट्टीत!" गंमत अशी, की कारखान्याचे गोरे मालक दोघांच्याही आजोबांना एकाच शिवीने हाक मारायचे. पण तिथे राग काढता येत नव्हता, म्हणून तो शेजाऱ्यावर निघायचा. वाळवंटात येऊनही यांची टेकडी टेकडीच आणि नदीकाठ नदीकाठच.

आपण हसावं, तर आपलं तरी काय? आम्ही पुण्या-नाशिकचे इंजिनिअर वातानुकूलित केबिनींत, आणि कोकणातले रिगर-वेल्डर लांबच लांब बराकींत, एकावर एक खाटांवर. भाषा एक, पण गणपतीला आम्ही आमच्यात आणि ईदला ते त्यांच्यात. आमच्यातले एक गृहस्थ तर 'ती मंडळी जरा रांगडी' असं म्हणायचे, अगदी टोनीच्या सुरात. मिलोशने एकदा मला सरळच विचारलं, "तू टेकडीवरचा की नदीकाठचा?" मी म्हटलं, "माझे आजोबा गोदाकाठचे." तो म्हणाला, "नदीकाठी राहूनही माणूस टेकडीवरचा असू शकतो." मला राग आला होता. अजूनही थोडा येतो.

मिलोशच्या आयुष्यात वर्षातून एकच दिवस असा असायचा की त्या दिवशी त्याचा हात कोणावर उठत नसे. त्या दिवसाला ते लोक स्लावा म्हणतात. प्रत्येक सर्बियन घराण्याचा एक संत असतो, आपल्या कुलदैवतासारखा. त्याचा दिवस बापाकडून मुलाकडे येतो. मेणबत्ती, पाव आणि शिजवलेला गहू. गहू घरातल्या मेलेल्यांच्या नावाने असतो. आलेल्या प्रत्येकाने आधी एक चमचा गहू खायचा आणि चमचा पाण्याच्या पेल्यात ठेवायचा. त्या दिवशी आमंत्रण कोणालाच द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आला त्याला परतवायचं नाही... वैरी असला तरी. यजमानाने दिवसभर बसायचंही नाही. पाहुणा घरात आहे तोवर तो उभा.

यान्बूत असलं काही उघड करण्याची सोय नव्हती. खिडकीला ब्लँकेट लावून त्याच्या केबिनीत सगळं चालायचं. गहू शिजवायचा बराकीच्या मेसचा स्वयंपाकी, हसन मुकादम. हसन दाभोळचा, ठेंगणा, लुंगीवर कायम एप्रन. पहिल्या वर्षी मिलोशने त्याला एवढंच सांगितलं की गहू शिजव, गोड कर, आणि उपास आहे म्हणून दूध-तूप घालू नको. हसनने सौदीतल्याच हाइलकडचा गहू ओलवून कांडला, भिजवला, शिजवला आणि त्यात गूळ, वेलची आणि नारळाचं दूध घालून कोकणातली खीर करून आणली. मिलोश भडकला. "दूध नको म्हटलं होतं!" हसन शांतपणे म्हणाला, "शेठ, ये दूध गाय का नहीं, हमारा दूध झाड पे लगता है." मिलोशने चाखली. म्हणाला, माझ्या मेलेल्या माणसांनी असं कधी खाल्लं नसेल, आज खाऊ देत. तेव्हापासून स्लावाचा गहू हसनच्या हातचा. दाणा मात्र अख्खा हवा, दाताखाली यायला हवा, हा मिलोशचा हट्ट होता.

तो अपघात झाला त्या वर्षी हिवाळ्यात वारा सुटला होता. समुद्रावरून वाळू घेऊन येणारा, तोंडात कचकचणारा वारा. एक उंच टाकी उभी करायची होती आणि भिंतीवर मीच रंगवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ती कधीच उभी व्हायला हवी होती. मिलोश म्हणाला, आज नाही. टोनी म्हणाला, आजच. वाद चिघळला. शेवटी टोनी सगळ्यांदेखत बोलला, "तुम्ही खालच्या वस्तीतले असेच. वारा थांबायची, देव बोलायची वाट बघत बसता." मी जवळच होतो. मिलोशचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता हा टोनीला मारणार. मारलं असतं तर किती बरं झालं असतं... त्याने मारलं नाही. तो वळला, क्रेनसमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

टाकी उचलली गेली, वाऱ्याने फिरली, एक साखळी तुटली आणि तिचं टोक खाली आलं. खाली इस्माईल होता. हसनच्या बहिणीचा नवरा, शांत, दाढीवाला, दोन मुलींचा बाप. त्याचं हेल्मेट शाबूत राहिलं, हेच मला राहून राहून आठवतं. हेल्मेट शाबूत, आणि त्याखाली पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. वाळूने रक्त इतक्या लवकर पिऊन टाकलं की जेद्द्याहून साहेब येईपर्यंत नुसता काळा डाग होता.

मिलोशने टोनीला गाठलं ते तिथेच, त्या डागाजवळ. आवाज आला तो ओली फांदी मोडल्यासारखा. पुढचे दात वाळूत पडले आणि टोनी गुडघ्यावर आला, तरी मिलोश थांबेना. आठ-दहा कोकणी माणसं त्याच्या अंगावर चढली तेव्हा कुठे तो बाजूला झाला. टोनीला जेद्द्याच्या हॉस्पिटलात नेलं, जबडा तारांनी आवळून बांधला. त्याने तक्रार केली नाही. विचारणाऱ्यांना कागदावर 'पडलो' असं लिहून दिलं. कंपनीलाही ते सोयीचंच होतं. जड माल उचलायला मिलोशसारखा दुसरा माणूस नव्हता. पण मिलोश जाहीरपणे सांगत फिरायचा, "तो परत येऊ दे. अर्धं राहिलेलं काम पुरं करतो." तो बोलायचा ते करायचा. आणि खुनाची शिक्षा त्या देशात काय होते, शुक्रवारच्या नमाजानंतर चौकात काय घडतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्याला समजावलं, ओरडलो, हात जोडले. तो म्हणाला, "तू तुझी भिंत रंगव."

टोनी परत आला त्याच दिवशी स्लावा होता. दुपारी मी हसनच्या मेसमध्ये गेलो तर तो शिजलेला गहू पाट्यावर वाटत होता. मी म्हटलं, "हसनभाई, हे काय? त्याला अख्खा दाणा लागतो. आधीच डोकं फिरलंय त्याचं." हसनने मान वर केली नाही. "साहेब, आज जो पाव्हणा यायचाय त्याला दात नायत," तो म्हणाला. मला कळायला क्षण लागला. "वेडे आहात का तुम्ही? तुमच्या बहिणीचा नवरा..." "म्हनूनच," हसन म्हणाला. "माझी बहीन तितं रडताय. आता मिलूशेठची मुंडी गेली तर तिचा मानूस परत येल का? एक मय्यत पुरी झाली, साहेब."

संध्याकाळी आम्ही चार-पाच जण मिलोशच्या केबिनीत होतो. तो पांढरा शर्ट घालून मेणबत्तीपाशी उभा. गव्हात त्या वर्षी नवा माणूस होता, इस्माईल. त्याचं नाव मिलोशने स्वतःच्या बाप-आजोबांबरोबर घेतलं. तेवढ्यात दार उघडलं. एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हातात टोनीचं मनगट धरून हसन आत आला. टोनी अर्धा झाला होता. ओठांच्या फटीतून तारा चमकत होत्या, डोळे जनावरासारखे भेदरलेले. त्याला तिथवर यायला किती धीर लागला असेल, याचा विचार मी आजही करतो.

मिलोश पुढे आला. त्याच्या मुठी मी पाहत होतो. हसनने पातेल्याचं झाकण काढलं. "ये क्या है? दाणा किधर है?" मिलोश गुरगुरला. "शेठ, आज बिगर दात का मेहमान आया है." "तुझे मालूम है ये कौन है? तेरे बहन का घर इसने..." "मालूम है," हसन म्हणाला. त्याचा आवाज जराही चढला नाही. "जबान इसकी थी, शेठ. हाथ किसका था?"

तो वर गेलेला हात आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि एकानेही त्याबद्दल ब्र काढला नव्हता. मिलोश स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा हसनला मारतो. हसनने वाटीत खीर ओतली, चमचा घातला आणि वाटी टोनीला न देता मिलोशच्या हातात दिली. "दोनों को खाना मैं ही देता है. आज आप दो. मेहमान कब का खडा है."

मिलोशने चमचा भरला. पहिला चमचा टोनीच्या शर्टावर सांडला. दुसरा त्याने, स्वतःच पाडलेल्या दातांच्या खिंडीतून, तारांवरून आत सोडला. टोनीने गिळलं. दुखलं असावं, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिलोशने त्याची हनुवटी बाहीने पुसली आणि तिसरा चमचा भरला. वाटी संपेपर्यंत तो भरवत राहिला. मग त्याने चमचा पेल्यात ठेवला, बाहेर गेला आणि केबिनीच्या लोखंडी दारावर तो हात इतक्या जोरात मारला की दाराला पोचा आला आणि दोन बोटं कायमची वाकडी झाली. परत आत येऊन उभा राहिला. पाहुणा घरात होता ना! "इशारा माझा होता," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर क्रेनपुढे त्याने हात वर केला नाही. ते काम दुसऱ्याला शिकवलं आणि स्वतः साखळ्या तपासत राहिला.

पुढे सगळे आपापल्या घरी गेलो. हसन दाभोळला वारला, त्यालाही बरीच वर्षं झाली. ते दोघे त्यांच्या पोलादी गावात परतले तेव्हा कारखान्याला कुलूप लागलं होतं. टोनी सांगायचा, टेकडीवरची विटांची घरं आणि नदीकाठची खोपटी आता सारखीच ओस पडलीत. हॉलमध्ये गाणं नाही, घुमटाखाली माणूस नाही. तरी ते दोघे भांडायचेच. मात्र दर वर्षी त्या दिवशी टोनी न बोलावता टेकडी उतरून मिलोशच्या दारात जायचा, आणि मिलोश, गुडघे गेल्यावरही, काठी धरून उभा राहायचा.

मिलोशला मुलगा नव्हता. मुलगी दूर, तिच्या घरात हे चालत नाही. मिलोश गेल्यानंतर काही आठवड्यांनी स्लावा आला. आदल्या दिवशी मी कुंड्यांना पाणी घालत असताना टोनीचा पुन्हा फोन. तो मिलोशच्या स्वयंपाकघरातून बोलत होता. मुलीने किल्ली त्याच्याकडे दिली होती. मी म्हटलं, "तू तिथे काय करतोयस? तू तर त्यांच्यातला नाहीस." तो म्हणाला, "उद्या लोक न बोलावता येतील. एकही येवो, दारात कोणीतरी उभं राहायला हवं." मग म्हणाला, "गहू कांडून झालाय. हसन त्यात काय घालायचा?"

मी सांगितलं. गूळ, वेलची, नारळाचं दूध.

"आणि वाटायचा किती? किती मऊ?"

झारी खाली ठेवून मी भिंतीला टेकलो. "तुला गिळता आला होता," मी म्हटलं, "तेवढा."